इडलीत किती मुरलं?

अण्णा हेर्लेकर इडली खाण्याआधी ती तोलून घ्यायचे. संस्थेच्या कँटीनमध्ये खिशातून छोटा तराजू काढायचा, कोरड्या इडलीचं वजन लिहायचं, मग ती सांबारात बुडवायची. पाच मिनिटांनी काढून, वरवर टिपून पुन्हा तराजूत. मागून कुणी खेकसलं की म्हणायचे, "स्वल्प थांबा. वाटीत सांबार किती, हे कुणीही सांगेल. इडलीत किती मुरलं ते सांगा की!"

बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते आणि मी त्यांचा वरिष्ठ. आमचं कामही तसं इडलीचंच. रक्तातलं प्रथिन बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरून मूत्रपिंडाच्या मांसात मुरतं. ते किती, हे आम्ही उंदरांमध्ये मोजत होतो. पंचाईत अशी, की काढलेल्या मूत्रपिंडात रक्तही उरतं. त्यातलं प्रथिन वजा केल्याशिवाय बाहेर मुरलेलं कळत नाही. म्हणून दोन खुणा, म्हणजे मोजता येणारी द्रव्यं. एक प्रथिनाला लावून आदल्या दिवशी टोचायची. ती आतबाहेर सगळीकडे पोचायची. दुसरी शेवटी टोचून पाच मिनिटं थांबायचं. ती रक्तातच राहून रक्त किती ते सांगायची. लगेच अण्णा मूत्रपिंडाची धमनी आणि शीर एकाच दोऱ्याने, एकाच गाठीत बांधायचे. थेंब इकडचा तिकडे होता कामा नये!

ही गाठ ते घरी वांग्यांच्या देठांवर घोटायचे. वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे वांग्याचं आधी ऑपरेशन, मग भरीत."

आता माझं सांगतो. संस्थेची बस साडेचारला सुटायची. तिच्यापायी सहापैकी चार उंदरांच्या वेळी मी दोन मिनिटांतच "बांधा" म्हणालो.

"सर, अजून तीन मिनिटं."

"बस थांबणार आहे का, अण्णा?"

दुसरी खूण रक्तात नीट मिसळलीच नव्हती. त्यामुळे मूत्रपिंडात रक्त कमी दिसलं आणि बाहेरचं प्रथिन भलतंच जास्त. शोधनिबंध छापून आला. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेत आकडा जुळेना, तेव्हा संचालकांनी मला विचारलं. मी म्हणालो, "हेर्लेकरांची गाठ सैल पडत असावी."

अण्णांची बदली भांडारात झाली. निवृत्तीपर्यंत ते काचेची नळकांडी मोजत बसले. मी एकदाही तिकडे फिरकलो नाही.

गेल्या महिन्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी ते घेऊन एका मंगळवारी के. आर. पुरमला अण्णांकडे गेलो. वहिनी आता नाहीत. मुलाची चौकशी केली.

"इथेच, एचएसआर लेआउटला असतो. ट्रॅफिक नसेल त्या रविवारी येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही."

मी पत्र वाचून दाखवलं : घाई माझी होती, गाठ पक्की होती, दोष मी दुसऱ्यावर ढकलला. ते मला दार दाखवतील, अशी मनाची तयारी केली होती.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, "पण नुसतं चुकलं म्हणून काय उपयोग? खरा आकडा कुठाय?" आणि कपाटातून त्यांनी आपली वही काढली. प्रत्येक उंदरापुढे मिनिटं लिहिलेली. चार ठिकाणी दोन, दोन ठिकाणी पाच.

"ही तेव्हाच का नाही दाखवलीत?"

"तुम्ही विचाराल असं वाटलं. भांडारात मी तुमच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवायचो."

मला मान वर करवेना. तेच म्हणाले, "हे चार उंदीर वगळून उरलेल्या दोघांचं गणित नव्याने करू. पत्राला जोडा."

दोन उंदरांचं गणित, फार तर अर्ध्या तासाचं. शिवाय पानाच्या तळाशी पेन्सिलीने काढलेलं उत्तर मला दिसलं होतं. अण्णांनी हळूच त्यावर तळहात ठेवला.

"किचकट काम आहे, सर. चार मंगळवार तरी लागतील."

"पाच धरा," मी म्हणालो, "माझा हात आता सावकाश चालतो."