भास्करराव टीव्ही बंद करतात

‘‘हे लुगडं तुले शोभत नाई. नेऊ नको.’’

हे वाक्य हिंगणघाटात एकाच कापड दुकानात ऐकू यायचं, आणि तेही खुद्द मालकाच्या तोंडून. मालक म्हणजे आमचे शेजारी भास्करराव. बोलताना गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत, हातातल्या कापडाकडे बघून बोलायचे. निम्म्या बाया रागानं उठून जात. तरी लग्नाचा बस्ता बांधायला अल्लीपूरहून माणसं त्यांच्याकडेच येत, कारण रंग जाणारं कापड ते स्वतःच बाजूला टाकत.

एकदा एका नवरदेवाच्या बापानं विचारलं, ‘‘सून कशी वाटली, शेठ?’’ भास्करराव म्हणाले, ‘‘पोरगी चांगली हाय. पोरगाच तिले शोभत नाई.’’ ताईंनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीनं, घाईघाईनं चहा मागवला म्हणून निभावलं. दोघं भाऊबहीण एकत्र राहत. ‘‘जसं हाय तसं सांगतलं,’’ एवढंच भास्कररावांचं उत्तर असे.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे टीव्ही आला आणि रविवारी सकाळी अर्धी गल्ली आमच्या बैठकीत जमू लागली. तेव्हा एक मालिका लागायची. तिच्यातला अविनाश नावाचा तरुण पोलिसांना अवघड कोडी सोडवून द्यायचा. डोकं अफाट, पण कोणी हात पुढे केला की हा मागे सरकणार, बोलणार तर भिंतीकडे बघून. बैठक हसून लोटपोट व्हायची. दाराजवळ बसलेले भास्करराव तेवढे हसत नसत. ‘‘बरोबरच तर करते तो,’’ असं पुटपुटत.

एका भागात अविनाशला मेजवानीला नेलं. बँड वाजला, माणसं अंगावर आली, आणि तो कान दाबून टेबलाखाली जाऊन बसला. बैठकीत हशा उसळला. भास्करराव उठले, पुढे आले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

‘‘अरे बाप्पा! काऊन बंद केला?’’ एकच गलका झाला.

‘‘त्याले त्रास होऊन राह्यला, आन् तुमी हासता!’’

माणसं कुरकुरत पांगली. ताई शरमेनं दारात उभ्या राहिल्या. माझी धाकटी बहीण सुनंदा तेव्हा डॉक्टरकी शिकत होती, सुटीला आली होती. ती म्हणाली, ‘‘काका, त्या अविनाशला कदाचित ऑटिझम असेल.’’

‘‘म्हंजे येडा?’’

‘‘नाही हो. जन्मापासूनच मन वेगळ्या तऱ्हेनं चालतं. आवाज, गर्दी सोसत नाही. पण गोष्टीतला माणूस तो, त्याला तपासणार कसं? नक्की नाही सांगता येत.’’

भास्कररावांनी जमिनीकडे बघतच विचारलं.

‘‘लिवणाऱ्यानं कोणाले तरी पाह्यलं असन. न पाह्यता इतकं बरोबर कसं लिवन?’’

‘‘असेल.’’

‘‘म्हंजे असा माणूस कुठंतरी हाय.’’ आणि मग अगदी हळू, ‘‘मले वाटे, मी एकलाच.’’

सुनंदा त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून खाली बसली. ‘‘तुम्हाला काय होतं, काका?’’

ते बोलू लागले. कुकरची शिट्टी डोक्यात खिळ्यासारखी घुसते. लग्नातला बँड वाजला की कान दाबून कुठंतरी दडून बसावंसं वाटतं. कोणाच्या डोळ्यांत पाहिलं की त्याचे शब्द ऐकूच येत नाहीत. आयुष्यात एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ताई दारातून आत आल्या.

‘‘इतकी वर्सं संगं राह्यली मी. मले काऊन नाई सांगतलं रे?’’

‘‘तू इचारलंच नाई.’’

ताईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याही तिथंच जमिनीवर बसल्या.

‘‘आता इचारते. सांग.’’