पानं मोजणारी वच्छला

अगं, ये इकडं, अशी जवळ बस. दर खेपेला दारातूनच माघारी फिरतेस, शोभतं का तुला? आज वच्छलाचं ऐकल्याबिगर उठायचं नाय.

मुकुंदवाडीत तिची नि माझी भिंत एकच. रोज सकाळी ती कुंडीतल्या झाडांची पानं मोजते आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहिते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचसामान धुतलं, तिथली ही खोड. ताप आला म्हणलं की विचारणार, “मोजला का?” भूक लागली म्हणलं तरी तेच.

वच्छला रिटायर व्हायच्या आधी प्रयोगशाळेतल्या मॅडमनी सीताफळाच्या पाल्याचा अर्क काढला. गर्भाशयाच्या तोंडाला होणाऱ्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला, तर पेशींनी आपणहून जीव दिला म्हणं. वच्छलानं गल्लीभर सांगितलं आणि जुन्या डब्यात सीताफळ लावलं.

माझी पाळी जाऊन बारा वर्षं झालेली, आणि दिवाळीपासून पुन्हा लाल जायला लागलं होतं. पोराला सांगायची लाज, डॉक्टरची भीती. वाटलं, औषध तर भिंतीपलीकडंच हाय. दुपारी ती झोपली की चार पानं तोडायची, उकळून प्यायची. लई घाण वास. लहानपणी उवा मारायला हाच पाला डोक्याला चोळायचो आम्ही.

भिंतीवरचा आकडा रोज चारनं उतरायला लागला. वच्छलाला शेळीचा संशय. एका दुपारी ती काठी घेऊन दाराआड बसली आणि माझं मनगट धरलं.

“शांते, तू हायेस व्हय ती शेळी?”

मी सगळं सांगितलं. तिच्या हातातली काठी खाली पडली.

“किती दिवस?”

“काढ्याचे का रक्ताचे?”

“दोन्ही सांग.”

“काढा एकवीस दिवस. रक्त तीन महिने.”

“अगं, त्या पेशी काचेच्या ताटलीत होत्या, बाईच्या पोटात नाय. ताटलीत फिनाइल टाकलं असतं तरी मेल्या असत्या. पिशील का फिनाइल?” मग आवाज उतरला. “मीच सांगत फिरले ना सगळीकडं.”

तशीच रिक्षात घालून तिनं मला दवाखान्यात नेलं. तपासायला आतला तुकडा काढला. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत तिनं एक पान मोजलं नाय. सकाळी यायची, चहा घ्यायची, माझ्याकडं बघत बसायची. ती कप विसळून जायची.

कॅन्सर निघाला, पण लहान, ऑपरेशननं जाण्यासारखा. मला रडू आवरंना, आणि ही डॉक्टरला विचारतेय, “किती मिलिमीटर?”

ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी नर्सनं वच्छलाला सहज विचारलं, “मावशी, तुमची तपासणी कधी केली होती?”

वच्छला पिशवीची गाठ सोडत बसली, पुन्हा मारत बसली. त्या पेशींच्या ताटल्या इतकी वर्षं धुतल्या, स्वतःची तपासणी एकदाबी नाय.

क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा बाहेर बघतच म्हणाली, “मला कोण घेऊन आलं असतं?”

मी तपासणीला तिचा नंबर लावलाय, येत्या मंगळवारी. तर हिचं रोज नवं निमित्त. काल म्हणं गुडघा दुखतोय, आज म्हणं पाहुणे येणार. तिच्याकडं पाहुणे कोण येतंय?

माझे टाके अजून ओढतात, एकटीला ती आवरायची नाय. सोमवारीच मुक्कामाला ये बाई. एक हात तू धर, एक मी धरते.