सहाव्या महिन्यातली दाढ

आमच्या केळशीकर बाईंना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, दात राहतात. पनवेलच्या मार्केटात कुणी नमस्कार केला की बाई गोंधळतात. तो हसला की मात्र ओरडतात, "अहो, खालची डावी! कॅप नीट आहे ना?" भेंडी निवडणाऱ्या बायका वळून बघतात आणि तो गृहस्थ ओशाळतो.

मी त्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं रिसेप्शनला आहे. बाई अडुसष्टच्या, आवाज एसटी कंडक्टरचा. 'गोड खात नाही हो' असं कुणी म्हणालं, तर म्हणतात, "तुम्ही गप्प बसा, मला तुमची दाढ सांगतेय."

गेल्या उन्हाळ्यात आपट्याहून एक सासू सुनेला घेऊन आली. सून दर्शना, वय एकोणीस, सहावा महिना. गाल टम्म सुजलेला.

"नुसती गोली द्या," सासू म्हणाली. "पोटुशीचा दात काढत नाय आमच्यात. पोराला तरास होतो. बाळंत झाली का बघू."

"तीन महिने?" बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "पू झालाय आत! तो तसाच ठेवला तर त्रास. दाढ तोंडात, पोर पोटात, अन् मध्ये मी आहे ना!"

त्यांनी दर्शनाच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सगळं विचारून घेतलं. मग दर्शनाकडे वळल्या. "तुला काय वाटतं?"

दर्शनाने सासूकडे पाहिलं.

"तिकडे नको. मला सांग."

"लय दुखतंय. वीस दिवस झोप नाय."

"मला नाय बोललीस कधी?" सासू म्हणाली.

"बोलले होते."

सासूने दर्शनाच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. मग म्हणाली, "काढा बाई."

पोटाचा भार डावीकडे जावा म्हणून बाईंनी दर्शनाच्या उजव्या कुशीखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली, इंजेक्शन दिलं, दाढ काढली. रक्त थांबल्यावर कापूसही काढला. मी औषधांची चिठ्ठी घेऊन आत गेले, तर पोरगी खुर्चीतच गाढ झोपलेली.

"उठवू?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांना कुजबुजता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"मी अठराची होते. आठवा महिना, आणि दाढ अशीच ठणकायची. घरात सगळे विचारायचे, बाळ फिरतंय ना? मी हो म्हणायचे अन् मोरीत जाऊन रडून यायचे."

"मग?"

"मग काय. बाळाला आईकडे ठेवून दाताच्या कॉलेजात गेले."

बाहेर चार पेशंट होते. त्यांना उद्या बोलव म्हणाल्या.

पाऊण तासाने दर्शना दचकून जागी झाली. बाई उशाशी स्टुलावर बसून होत्या.

"किती वाजले?"

"काही वाजले नाहीत," बाई म्हणाल्या. "झोप अजून."