चेअरमन चालवण्याचं यंत्र

माणूस मोठा झाला की चालणं हे त्याचं वैयक्तिक काम उरत नाही. ती आजूबाजूच्यांची सामूहिक जबाबदारी होते. आमच्या दूध संस्थेचे चेअरमन बाळासो हे या अर्थानं राधानगरी तालुक्यातले थोर पुरुष होते. उंबऱ्यापासून जीपपर्यंत आणि जीपपासून खुर्चीपर्यंत, यापलीकडे त्यांनी पाऊल टाकल्याचं कुणाला आठवत नाही. छत्री धरायला एक संचालक, दार उघडायला दुसरा, आणि 'साहेब दमले असतील' असं अधूनमधून म्हणायला सेक्रेटरी, म्हणजे मी. चेअरमन संस्था चालवतात असं आम्ही म्हणत असू. संस्थाच चेअरमनला चालवते, असं विरोधक म्हणत. (विरोधक एकच होता. ज्ञानू.)

२००८ च्या वार्षिक सभेत, नव्या इमारतीला चेअरमनसाहेबांचं नाव त्यांच्या हयातीतच द्यावं, असा ठराव मी वाचला. सभा 'मंजूर' म्हणाली. मागच्या रांगेत ज्ञानू उठला आणि आवाज न चढवता म्हणाला, "नामंजूर." हा शब्द आमच्या सभागृहात पूर्वी कुणी उच्चारलेला नव्हता. चेअरमनसाहेब उत्तर द्यायला उभे राहिले, तेवढ्यात डाव्या हातातला माईक गळून पडला आणि त्याच्यामागोमाग तेही. अंगावरनं वारं गेलं होतं. डावा हात आणि डावा पाय बंद. वाचा मात्र शाबूत. (वाचा गेली असती तर संस्था बंद पडली असती, असं तेव्हा आम्हा सर्वांचं मत होतं.)

त्याच सुमारास कोल्हापुरात एका दवाखान्यानं माणसाला चालवणारा रोबो आणला होता. रोबो म्हटल्यावर आम्ही डोकंबिकं असलेला कुणीतरी येईल अशी अपेक्षा धरली होती. प्रत्यक्षात तो एक सरकता पट्टा निघाला, त्यावर लोखंडी चौकट. पेशंटला वरून पट्ट्यांनी टांगायचं, पाय चौकटीत बांधायचे, छातीला वायरी लावायच्या, नाकातोंडावर श्वास मोजणारा मुखवटा चढवायचा, आणि बटण दाबायचं. पाय आपोआप चालू लागतात. इतकी आदबशीर सेवा आमच्या संचालक मंडळालाही जमलेली नव्हती.

पहिल्या दिवशी दोन जीप भरून मंडळी गेली. चेअरमनसाहेब अर्धा तास चालले. काय चाल होती! आजारापूर्वीही ते असे चालत नसत. काचेपलीकडून आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पत्नी तानाबाई मात्र पदराचं टोक दातात धरून बसल्या होत्या.

मग डॉ. शशिधर कागद घेऊन बाहेर आले. नाडी खाटेवर पडल्यावर होती तेवढीच, श्वासही तेवढाच. पाय चालले होते, पण हृदयानं आणि फुफ्फुसांनी त्याची दखल घेतलेली नव्हती. असं चालून उपयोग थोडा, असं ते म्हणाले. आम्ही यंत्र सदोष असल्याचं त्यांच्या निदर्शनास आणून दिलं.

व्यायाम घेणारी विद्याश्री निपाणीकडची पोरगी. ती चेअरमनसाहेबांसमोर स्टूल ओढून बसली.

"काका, यंत्र तुमचे पाय उचलतंय. तुम्ही उचलत नाही. थोडा जोर तुमचा लावा."

"मी जोर लावायचा, तर मग यंत्र कशाला आणलंय?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. आम्ही माना डोलावल्या.

त्यानंतर साहेबांच्या हृदयाला जाग यावी म्हणून संस्थेनं आपल्या परीनं प्रयत्न केले. त्यांच्या जुन्या भाषणाची कॅसेट लावली. (नाडी किंचित उतरली, डॉक्टरांच्या मते झोप आली असावी.) परवानगी काढून हलगीवाला आणला. त्यानं दवाखाना दणाणून सोडला, घामानं निथळला, धापा टाकू लागला. हृदय-फुफ्फुसांचा प्रतिसाद उत्कृष्ट होता, फक्त तो हलगीवाल्याचा होता. साहेब मधल्या काळात पूर्वीसारखेच रुबाबात चालत होते.

आणि एक दिवस ज्ञानू आला. हातात चिकूची पिशवी. तो दारात दिसला मात्र, यंत्राच्या पडद्यावरचा नाडीचा आकडा चढू लागला. संचालकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ज्ञानूला रोज बोलवावं, असा विचार मांडला गेला आणि त्याला लगेच अनुमोदनही मिळालं. विद्याश्रीनं धावत जाऊन यंत्र बंद केलं.

"हा व्यायाम नव्हे, संताप आहे," ती म्हणाली. "पायात अजून काही नाही. असं नुसतं काळीज पळालं, तर माणूस जाईल."

साहेबांना खुर्चीत बसवलं. ज्ञानू समोर अवघडून उभा. भांडायला आला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं; चिकूची पिशवी तो या हातातून त्या हातात घेत राहिला. शेवटी साहेबांनीच संस्थेचं कसं चाललंय ते विचारलं. साहेबांवाचून सगळं अडलंय, हे उत्तर मी डोळ्यांनी खुणावत होतो. ज्ञानू सरळ माणूस.

"बरं चाललंय की," तो म्हणाला. "दूध येळंवर जातंय. कुणाचं काय अडलं न्हाय."

त्याला खरोखर धीर द्यायचा होता. ज्ञानू गेला तरी साहेबांची नजर दारावरच होती. आपल्या चांगल्या हातानं ते निकामी पाय चाचपत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

दुसऱ्या दिवशी पट्टे बांधून झाल्यावर त्यांनी विद्याश्रीला जवळ बोलावलं.

"आज मी टाकतो पाय. तू निस्तं बघ."

आम्ही काचेला नाकं लावली. साहेबांच्या कपाळाची शीर फुगली. मुखवट्यात श्वास घरघरला. गंजीफ्रॉक भिजला, चाल बिघडली, पाय वेडावाकडा पडू लागला. थोड्याच वेळात त्यांनी हात वर केला आणि पट्ट्यात लोंबकळत धापा टाकू लागले. विद्याश्री पडद्यावरचे चढते आकडे बघून हसत होती. साहेब रडत होते. तानाबाई उठल्या, आत गेल्या आणि पदरानं त्यांचं तोंड पुसत राहिल्या. एवढ्या माणसांसमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

संचालक मंडळानं तातडीनं निषेध नोंदवला. ज्या गृहस्थाला पूर्वी अर्धा तास विनासायास चालवलं जाई, त्याला आता थोड्यातच धाप लागते, म्हणजे उपचारांचा दर्जा घसरला, हे उघड होतं. पूर्वीचीच सोय पूर्ववत चालू करावी, असं निवेदन घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. साहेबांनी आम्हाला हाकललं.

पुढच्या वार्षिक सभेला ते काठी टेकत स्वतः आले. जीप नको म्हणाले. खुर्चीपर्यंत पोचेतो सभागृह खाली बघत होतं. चेअरमनला घाम आलेला बघणं सभासदांना जड गेलं. जो स्वतःच चालतो तो आपल्याला काय चालवणार, असा सूर निघाला. नवे चेअरमन म्हणून ज्ञानूची बिनविरोध निवड झाली. तो आधी नको नको म्हणाला. हल्ली त्याची छत्री मी धरतो, आणि तोही दमत असेल असं मला मनापासून वाटतं.

बाळासो आता सकाळी तानाबाईंबरोबर स्वतःच्या म्हशीचं दूध घेऊन संस्थेत येतात. किटली बाईंच्या हातात, काठी ह्यांच्या. लग्नानंतर इतकी वर्षं दोघं एका वाटेनं चालली नव्हती. चढाला बाई थांबतात आणि म्हणतात, "बसा की जरा."

"नगं," ते म्हणतात. "लागू दे धाप."

दवाखान्यातलं यंत्र जोरात चालू आहे. डॉ. शशिधर प्रत्येक नव्या पेशंटला आधी विचारून घेतात: जोर तुम्ही लावणार, की यंत्रावर सोडणार? आजवर प्रत्येकानं 'मीच लावणार' असंच ठणकावून सांगितलंय. नंतर पट्टे बांधले जातात, बटण दाबलं जातं, पाय आपोआप पडू लागतात, आणि नाडी जिथल्या तिथं राहते. आपणही तेच उत्तर द्याल याची मला खात्री आहे. म्हणून मी आपल्याला विचारलं नाही.