तीन बोटांची पट्टी

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातल्या हेडक्लार्कांनी चारचाकी घेतली आणि तिचा विमा पूर्ण विचारांती उतरवायचं ठरवलं. गाडी बायकोसाठी होती. ती गणवेश शिवायची. शाळा उघडायच्या दिवशी तीनशे गणवेश वेळेवर पोचले, तर पुढची तीन वर्षं त्या शाळेचं काम तिचंच होतं.

"अहो, दोन-तीन कंपन्यांचे कागद वाचा आणि एक चांगली बघून घ्या," ती म्हणाली.

हेडक्लार्कांनी सात कंपन्यांचे कागद आणले, तक्ता आखला, लाल-निळ्या शाईने खुणा केल्या. तक्ता पुरा झाला त्याच दिवशी साहेबांच्या पत्नींचा फोन आला. त्या विम्याचं काम करत आणि त्यांची कंपनी तक्त्यात सातवी होती. एकवेळ साहेबांना नाही म्हणता येईल, त्यांच्या पत्नींना कसं म्हणणार? हेडक्लार्कांनी सही केली.

संध्याकाळी मेहुणा आला. तोही एजंट. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"असू दे भावोजी. बहीण आमची चालते, विमा तेवढा परक्यांचा."

तेव्हा हेडक्लार्कांनी नोकरीत कधी लढवली नव्हती अशी शक्कल लढवली. गाडीचा पुढचा भाग साहेबांच्या पत्नींकडे, मागचा मेहुण्याकडे. हे नियमात बसत नव्हतं. पण दोन्ही कंपन्यांना महिन्याचं उद्दिष्ट गाठायचं होतं, म्हणून नियम थोडा सरकून बसला. बातमी फुटली तशी घरमालकाने गाडीच्या टपावर हक्क सांगितला. डोक्यावरचं छप्पर त्याचंच होतं. चाकं दाताच्या डॉक्टरांनी मागितली. तेव्हा हेडक्लार्क खुर्चीत आ वासून होते, नाही म्हणायला जीभ मोकळी नव्हती.

"भीड भिकेची बहीण," बायको म्हणाली.

"बहिणीचं सोड, तुझ्या भावाला आवर," हेडक्लार्क म्हणाले.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी गणवेशांचे गठ्ठे भरून गाडी दारात उभी होती. पाण्याचा टँकर मागे येता येता तिला धडकला, तोही नेमका पुढचं दार संपतं आणि मागचं सुरू होतं तिथे. चारही पॉलिसींत एक अट मात्र सारखी होती : पाहणी पूर्ण होईपर्यंत गाडीला व आतील वस्तूंना हात लावू नये.

चार एजंट आले, पाठोपाठ चार सर्व्हेअर. चहा झाला, मोजायची टेप लागली. साहेबांच्या पत्नींचा भाग पुढच्या दाराच्या कडेला संपत होता. मेहुण्याचा भाग मागच्या दाराच्या कडेपासून सुरू होत होता. मध्ये तीन बोटांची पट्टी उरली. टप आणि चाकं शाबूत राहिल्याबद्दल घरमालकाने आणि डॉक्टरांनी हेडक्लार्कांचं अभिनंदन केलं.

"मग ही पट्टी कुणाची?" बायकोने विचारलं.

"त्यासाठी समिती नेमलीय, ताई," मेहुणा म्हणाला.

"अरे, उद्या शाळा आहे! गठ्ठे तरी काढू दे."

"भाऊ म्हणून आत्ता काढून देतो. एजंट म्हणून नाही देता येत."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चौघांकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी मुलं घरच्या कपड्यांत रांगेत उभी राहिली. दुपारपर्यंत काम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं. बायकोने शिलाई मशीनवर चादर टाकली आणि त्यावरच डोकं ठेवून ती रडली. हे सांगताना अजूनही वाईट वाटतं. आठवड्याने समितीचा निकाल आला : पट्टी विमारहित आहे, मालकाने तिचा विमा वेळीच उतरवायला हवा होता.

त्या संध्याकाळी टँकरवाला माफी मागायला आला. उठता उठता त्याने खिशातून एक अर्ज काढला. टँकरवर भागत नाही म्हणून तो पाचव्या एका कंपनीचं काम करायचा, आणि त्या कंपनीची खास पट्ट्यांसाठी योजना होती.

"नाही म्हणू नका साहेब. ठोकली मी, तर सांभाळणंही माझंच कर्तव्य."

हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहायचं टाळलं आणि पेनाचं टोपण काढलं.

हे सगळं मला इतकं बारीकसारीक कसं ठाऊक? टँकर माझाच, आणि अर्ज भरता भरता हेडक्लार्कांनी बाकीचं सगळं सांगितलं. त्याचा विमा अजून उतरवायचाय. एवढ्या कंपन्यांतली कुठली घ्यावी तेच ठरत नाही. पण माझं राहू द्या. तुम्ही मधेच उठून न जाता शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. भिडस्त माणूस लगेच ओळखू येतो. आता आपली ओळखही झाली.

तुमची गाडी कोणती?