नागपूरच्या पार्टीचं इंजिन

आमच्या गढा वस्तीच्या भाजीबाजारात शेजारचे उमाठेकाका फुलकोबीवर खडूने फुल्या मारत. खरोखरच्या फुल्या, पिवळ्या खडूने. गड्डा उचलायचा, उजेडाकडे धरायचा, देठ नखाने टोकरायचा. पसंत पडला तर पानावर बरोबरची खूण, नाहीतर फुली. घ्यायचा एकच गड्डा, पण ढीग मात्र अख्खा तपासून व्हायचा. भाजीवाली कपाळाला हात लावून म्हणायची, "बाबूजी, लेना तो एक है, बाकी काहे बिगाड़ रहे हो?" पण तिलाही माहीत होतं की काकांच्या मागे पाच-सहा गिऱ्हाइकं चुपचाप उभी आहेत, आणि काका पुढे सरकले की खुणेचे गड्डे आधी उठणार आहेत.

संरक्षण खात्याच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. येणारा माल मोजायचा, पास करायचा किंवा रिजेक्ट करायचा. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, खडू काही सुटला नाही. मी नवीन लग्न झाल्यावर हौसेने चार खुर्च्या आणल्या. काका अभिनंदन करायला आले आणि एका खुर्चीवर फुली मारून गेले. ती खुर्ची आजही माळ्यावर आहे. तिचा पाय डुगडुगतो हे आम्हाला पुढे दोन वर्षांनी कळलं. "माल बोलते भैया, माणूस नाई बोलत," असं ते म्हणत. माणसाला ते फारसं बोलूही देत नसत.

अशा माणसाकडे एक शर्यतीच्या थाटाची गाडी होती, हे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही. छावणीतला एक साहेब कायमचा विलायतेला जाताना त्यांना विकून गेला होता. लाल, ठेंगणी, उघड्या टपाची आणि दोनच माणसांची. घरात माणसं तीन, म्हणून मुलगा अरुण काकूंच्या मांडीवर बसे, तो अगदी मिसरूड फुटायची वेळ येईपर्यंत. काकू सांगत, "याचे पाय समोरच्या काचेला टेकायचे, पण उतरायचं नाव नाही!"

आता त्या गाडीत जागाच जागा होती. अरुण आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता.

ती हकीकत काकूंनीच मला सांगितली. अरुणने कारखान्यात शिकाऊ म्हणून अर्ज केला. परीक्षा अशी, की लोखंडाच्या एका चौकोनी खाचेत दुसरा तुकडा कानशीने घासून बसवायचा. तपासायला नेमके काका. फोरमन म्हणाला, उमाठेजी, तुम्ही आज दुसऱ्या टेबलावर बसा. काका म्हणाले, "काहून? गेज कोणाचा बाप नसते." मग सगळ्यांसमोर त्यांनी मुलाने बसवलेल्या तुकड्याच्या फटीत मोजायची पातळ पत्ती, म्हणजे ते गेज, सरकवली. ती केसभर आत गेली. त्यांनी फुली मारली आणि म्हणाले, "रिजेक्ट. नेक्स्ट." अरुण तो तुकडा टेबलावर ठेवून निघाला, तो थेट नागपूरला. तिथे त्याने जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. आईला पत्रं यायची. वडिलांचा उल्लेख त्यात नसे. काकू त्या दिवसापासून लाल गाडीत बसल्या नाहीत. आणि काका मुलाचा विषय निघालाच तर म्हणत, "ती नागपूरची पार्टी."

पुढे ती गाडीच बसली. शहरातल्या बडा फुहाऱ्याच्या चौकात, ऐन गर्दीत तिने असा काही धूर सोडला की कापडवाल्यांनी दुकानाबाहेर मांडलेले पांढरे तागे पटापट आत ओढले. दुर्दैवाने शेजारच्या सीटवर मी होतो. शेवटी एका टांग्याला मागून दोर बांधला आणि ती शर्यतीची गाडी घोड्याच्या चालीने गढ्याला परत आली. टांगेवाला वाटभर मागे वळून विचारत होता, "साहब, तेज तो नहीं हो रहा?"

काकांनी इंजिन खोललं. ते आधीच दोनदा बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून, झालेलं होतं. तिसऱ्यांदा बोअर करायला भिंतीत लोखंडच शिल्लक नव्हतं. काका बराच वेळ त्या सिलिंडरांत डोकावत बसले आणि म्हणाले, "याचं संपलं. दुसरं बसवा लागेल."

पण दुसरं आणायचं कुठून? त्याच कंपनीच्या एका मोठ्या गाडीला तेच इंजिन असायचं, आणि तशी एक गाडी नागपुरात भंगारात निघाली आहे, असं काकूंना आलेल्या पत्रात अरुणने सहज लिहिलं होतं. मी बहिणीकडे नागपूरला निघालो होतो. काकूंनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. "तू जाऊनच राहिला आहेस तर अरुणला भेट. म्हणावं, बाबांची गाडी बसली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांना सांगितलंय मी. नाई म्हटलं नाई त्यांनी."

अरुणचं दुकान छोटंसं, पण हत्यारं भिंतीवर मापाच्या क्रमाने लावलेली. रक्त कुठे जातंय! त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आई बसते गाडीत?" मी नाही म्हटलं. तो हात पुसत म्हणाला, "साहेबांना सांगा, माल पाठवतो. इन्स्पेक्शन करून घ्या म्हणा."

दोन महिन्यांनी मालगाडीने इंजिनाचा लाकडी खोका आला. काकांच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली तो उघडला आणि माझ्या रविवारांचं वाटोळं झालं. मी रेल्वेच्या ऑफिसात कारकून, अक्षर बरं, हा माझा गुन्हा. काका इस्त्रीची खाकी पँट घालून बसत, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली मापं काढत, आकडा बोलत आणि मी लिहीत असे. तीन रविवार चाललं हे. एकही आकडा मर्यादेच्या बाहेर गेला नाही. मी प्रत्येकापुढे बरोबरची खूण करत होतो आणि काका दर खुणेनंतर तेच माप पुन्हा एकदा घेऊन पाहत होते.

तिसऱ्या रविवारी त्यांनी हवा आत जायच्या वाटेत बोट घातलं आणि ते तसंच ठेवलं. "आतूनही घासलंय यानं," ते म्हणाले. "हे कोणी पाहत नाई. इथं बोट घालणारा हिंदुस्थानात एखादाच." मग ते नळावर जाऊन तोंड धुऊन आले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

येऊन बसले आणि म्हणाले, "लिही. रिजेक्ट."

मी पेन खाली ठेवलं. "काका, तीन पानं भरली. एक आकडा चुकलेला दाखवा."

"लिही ना तू."

"आणि कारण काय लिहू?"

आता मात्र काका अडकले. तीस वर्षांत कारण त्यांना कधी शोधावं लागलं नव्हतं, ते मालातच सापडायचं. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली. मग पाना घेतला, वरच्या झाकणाचा एक नट दोन आटे मागे फिरवला आणि म्हणाले, "लिही, झाकणाचा एक नट ढिला."

"तुम्हीच केलात ना आत्ता ढिला!"

"मी कुठं नाई म्हणून राहिलो? ढिला आहे का नाई?"

"मग आवळून टाका."

"असं कसं? रिजेक्ट मालाला आपण हात नाई लावायचा. सप्लायरनं स्वतः येऊन दुरुस्त करायचा. नियम आहे." आणि ते एकदम पेरूच्या झाडाकडे पाहायला लागले, जणू त्याचंही इन्स्पेक्शन बाकी होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. 'ये' म्हणायला या माणसाजवळ दुसरा शब्दच नव्हता. पण मला धडकीही भरली. याच एका शब्दाने पोरगा घर सोडून गेला होता, आणि तोच शब्द आम्ही पुन्हा त्याला पाठवणार. तो भडकला, इंजिन नदीत फेका म्हणाला, तर आईला येणारी पत्रंही बंद व्हायची.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, त्या तरी अडवतील. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "पत्राला चार दिवस लागतात. तार कर."

मी तार केली. 'माल रिजेक्ट. स्वतः येऊन दुरुस्त करा. उमाठे.' तारबाबूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणाचा तरी धंदा बुडवायला निघालो आहे.

पाच दिवस गेले. काका रोज सकाळी इंजिनावरची धूळ पुसत, त्या नटाला मात्र शिवत नसत. बाजारात गेले तर समोरचा गड्डा तसाच पिशवीत टाकून परत येत. भाजीवालीने मला विचारलं, "बाबूजी की तबीयत ठीक है ना?"

सहाव्या दिवशी सकाळी अरुण आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले. आईच्या पाया पडला. वडिलांकडे न पाहता थेट इंजिनाकडे गेला. "कुठाय डिफेक्ट?"

काकांनी बोट दाखवलं. अरुणने नटाला नुसती दोन बोटं लावली, तर तो गरगर फिरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ती तीन पानं त्याच्या हातात दिली. तो पहिलं पान वाचत होता तेव्हा त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तिसऱ्या पानाच्या तळाशी, सगळ्या बरोबरच्या खुणांखाली, 'झाकणाचा एक नट ढिला' एवढंच होतं; ती ओळ त्याने दोनदा वाचली. शेवटी त्याने कागद घडी करून खिशात ठेवले.

"साहेब," तो म्हणाला, "हे काम मोठं निघालं."

काका सावध झाले. "किती दिवस लागतील?"

"झाकण उघडा लागेल. इंजिन गाडीत बसवा लागेल, चालवून पाहा लागेल. आठ दिवस तर कुठे गेले नाई."

"आठ दिवसात होईल?" काका घाईने म्हणाले. "घाई नको करू. दहा घे."

आत काकूंच्या हातून काहीतरी भांडं पडलं. अरुणने पिशवी उघडली, जमिनीवर बसकण मारली, आणि मान खाली घालूनच विचारलं, "त्या दिवशी फट खरंच होती?"



"होती," काका म्हणाले. "केसभर." खोटं बोलणं त्यांना जमणारच नव्हतं. मग ते त्याच्या समोर, खाकी पँटची पर्वा न करता, मातीत बसले. "होती रे. पण मोजायला मी बसायला नको होतं."

 अरुणने मनगटाने डोळे पुसले, गालावर काळ्या ग्रीसचा एक पट्टा उमटला, आणि मग हात पुढे केला. "अर्ध्या इंचाचा पाना द्या, बाबा."

काकांसमोर पाने ओळीने मांडलेले होते. त्यांनी अरुणकडेच पाहत एक उचलून दिला. तो भलत्याच मापाचा होता, हे मलासुद्धा दिसलं. अरुणने तो घेतला, आणि परत केला नाही.