साळवी ड्रायव्हरची दोनची गाडी

रोज दुपारी पावणेदोनला मी माझ्या पोटच्या मुलीची झडती घेत असे. केसातल्या पिना काढायच्या, कानातलं काढायचं, ओढणी झटकायची, चपला उलट्या करून बघायच्या. हा सगळा सोहळा आमच्याच ओटीवर चाले, आणि आमच्याकडे पाठ करून फाटकाशी उभे राहिलेले साळवी ड्रायव्हर विचारत, "झाली का झडती, वहिनी? काय गावलं?"

"काही नाही हो, भाऊजी."

"मंग सोडा आत."

आत म्हणजे त्याच ओटीवरच्या टेबलाशी, चार पावलांवर. दोनच्या ठोक्याला साळवी पेपर टेबलावर ठेवत, प्लॅस्टिकची खुर्ची खांबाशी ओढून घेत आणि पाच वाजेपर्यंत तिथून हलत नसत. हे आमच्या घरात दहा महिने चाललं.

गणपत साळवी आमच्या आळीतले, तिसऱ्या घरातले. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, आता निवृत्त. घरी एकटेच, मुलगा-सून पनवेलला. शिक्षण आठवी. इंग्रजी अक्षरं ओळखतात ती नंबरप्लेटपुरती. आणि हा माणूस माझ्या सायलीची मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेत होता. हे मी पाहुण्यांना सांगायचे तेव्हा ते आधी हसायचे आणि मग माझ्याकडे काळजीने बघायचे.

याचं मूळ आमच्या मुरुडच्या दुपारीत आहे. आमच्याकडे एकला माशाचं कालवण-भात आणि दोनला झोप. यात बदल नाही. दोन ते चार या वेळात आमच्या आळीत चोरसुद्धा येत नाहीत, कारण तेही मुरुडचेच असणार. सायली जन्मल्यापासून याच शिस्तीत वाढली. आणि सरकारने परीक्षा ठेवली दुपारी दोन ते पाच!

अभ्यासात ती कुणाच्या मागे नव्हती. डॉक्टर व्हायचं हे तिचं लहानपणापासून ठरलेलं. बाहुलीलासुद्धा ती सलाईन लावायची. पण पहिल्या वेळी परीक्षेतून बाहेर आली ती रडतच. एकशे ऐंशी प्रश्नांपैकी बेचाळीस राहिले होते. येत नव्हते असं नाही, पण तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागले आणि मग सगळी घाईच झाली. निकाल लागल्यावर तिने मला सांगून टाकलं, "अजून एकदाच देणार. नाही झालं तर बीएस्सी करीन. मग पुन्हा तो विषय घरात काढायचा नाही, आई." तिच्या बाबांनीही मान डोलावली. मी आतल्या आत देव पाण्यात घालून बसले.

आळीतल्या प्रत्येकाने येऊन विचारलं, "किती मार्क पडले?" साळवी आले आणि त्यांनी विचारलं, "कितव्या प्रश्नाला झापड आली?"

सायली बावचळली. म्हणाली, "साठ-सत्तरच्या आसपास, काका."

"मंग साठावर घाट हाय," साळवी म्हणाले. "पोरी, तुझ्यात काय बी कमी न्हाय. तू फकस्त नकाशा पाठ केलास. रूटवर गाडी घातली न्हाईस. मी दोनची मुरुड-माणगाव मारलीय, वर्सानुवर्सं. तीन वाजता माझा बी डोळा लागायचा. पयल्या वर्सी मिरची चावायचो, मांडीला चिमटे काढायचो. मंग रोज रोज जाऊन जाऊन डोळ्यालाच कळलं, का ही येळ आपली न्हाय. रूट अंगाला कळाय पायजे."

"रूट अंगाला कळाय पायजे" हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेतही ऐकू येईल, असं म्हटलं असतं. पण झोप होती कुठे? दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचं जेवण साडेअकराला आलं. कालवण-भात रात्रीवर गेला. दुपारी भाकरी आणि पालेभाजी. एका रविवारी मी चोरून कोळंबीचं कालवण केलं तर साळवी फाटकातच थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "वहिनी, पोरीला डाक्टर करायची का खाटंवर झोपवायची?" पातेलं मी झाकून ठेवलं.

पेपर एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून येत. पेन साळवी आणत, रोज वेगळं. "पेन तिथलंच देत्यात, तुझ्या आवडीचं न्हाय," असं त्यांनी कुठूनतरी वाचून घेतलं होतं. मग किराणावाल्याचं पेन, लग्नात वाटलेलं पेन, एकदा तर कुठल्याशा काउंटरवरचं, दोऱ्यासकट. सायली दोरा बाजूला करून उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करत बसली.

सर्वांत कठीण प्रकरण आवाजाचं. लोक मुलांच्या परीक्षेला टीव्ही बंद करतात. साळवी समोरच्या घरी गेले, तिथे लाद्या बसवण्याचं काम चाललं होतं, आणि मिस्त्रीला म्हणाले, "दोन ते पाच लाद्या कापत जा. पोरीचा पेपर असतोय." मिस्त्री बिचारा दोनदा विचारून गेला की नक्की कापू ना. एप्रिलच्या उकाड्यात साळवी मध्येच उठून मेन स्विच बंद करत. पंखा थांबे, माझ्या अंगाचं पाणी पाणी होई, आणि साळवी घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं निवांत बसत.

आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं. वीज गेली म्हणून गृहस्थ बाहेर आले, तर ओटीवर हा देखावा.

"काय चाललंय हो?" त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत साळवींनी ओठांवर बोट ठेवलं. "परीक्षा."

"कसली?"

"मेडिकलची."

"आज आहे?"

"रोज हाय," साळवी म्हणाले.

पेपर तपासण्याची त्यांची पद्धतही निराळी. उत्तरपत्रिकेवरचा आकडा आणि उत्तरसूचीवरचा आकडा जुळवायचा, बस. प्रश्न बेडकाचा आहे की विजेचा, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पण एका जुन्या कॅलेंडरच्या मागे ते लिहून ठेवत: अडीचला कितव्या प्रश्नावर, तीनला कितव्या, साडेतीनला कितव्या. महिनाभराने त्यांनी ते कॅलेंडर सायलीपुढे पसरलं.

"तुला झोपंत बी येतो असा विषय कंचा?"

"जीवशास्त्र."

"तो कदी करतेस?"

"सगळ्यात आधी. क्लासमध्ये तसंच सांगितलंय."

साळवींनी कपाळाला हात लावला. "सपाटीवर सेकंड गियरला चालवतं का कोन गाडी? सेकंड घाटासाठी ठेवायचा. तीन वाजले का काढ तुजं जीवशास्त्र."

मी आतून ऐकत होते. मला राग आला, खोटं कशाला सांगू. क्लासवाल्यांना कळत नाही आणि या आठवी शिकलेल्या माणसाला कळतं? पण सायलीने अर्धं जीवशास्त्र तीनसाठी ठेवलं आणि त्या आठवड्यात राहणारे प्रश्न पंचवीसवर आले. त्यानंतर मी चहाबरोबर बिस्किटंही द्यायला लागले.

फेब्रुवारीत मात्र सगळं अडलं. सलग आठ दिवस राहणारे प्रश्न वीसच्या खाली येईनात. एका दुपारी सव्वातीनला सायलीने पेपर फाडला, टेबलावर डोकं ठेवलं आणि हुंदके देत म्हणाली, "मला नाही जमणार. मी बीएस्सी करते." मी धावत बाहेर आले. तिला जवळ घेणार, तर साळवींनी हात आडवा केला.

"वहिनी, पाच वाजल्याबिगर हॉल सोडता येत न्हाय."

"अहो, पोरगी रडतेय!"

"रडूंदे की. रडायला मनाई न्हाय. उठायला हाय."

मला इतका संताप आला की मी दार आपटून आत गेले. आजच याला सांगायचं, उद्यापासून येऊ नका, असं मनाशी पक्कं केलं. आतून कानोसा घेत होते. बराच वेळ हुंदके, मग नुसतं नाक ओढणं, मग काहीच नाही. साळवींकडून समजूत नाही, की उपदेश नाही. पावणेचारला सायली म्हणाली, "काका, चिकटपट्टी आहे का?"

साळवींनी खिशातून चिकटपट्टी काढली. ती त्यांच्या खिशात कधीपासून होती, देव जाणे. फाटलेला पेपर जोडून तिने उरलेल्या वेळात जमेल तेवढा सोडवला. पाचला ते उठले आणि म्हणाले, "घाटात गाडी बंद पडली का पयली शिकवन हीच, का पॅशिंजरबरोबर आपन बी उतरून घरी जायचं न्हाय. आज तू शिकलीस. उद्या दोनला." सांगायचं ठरवलेलं मी गिळून टाकलं.

एप्रिल संपता संपता एकही प्रश्न राहीनासा झाला. चुका होत, पण गोळा कोरा नसे. परीक्षेला साळवी मात्र आले नाहीत. "माजं काम रूट दावायचं, गाडी तिची," म्हणाले. सायली केंद्रातून बाहेर आली तेव्हा हसत होती. "आई, आत इतकं शांत होतं की पहिली पाच मिनिटं मला सुचेचना. पण सगळे झाले. शेवटची आठ मिनिटं मी नुसती बसून होते." मी तिथेच रस्त्यावर तिला मिठी मारली.

तिला सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला, लांब, घाटावर. साळवी मुरुडभर सांगत सुटले, "एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी!" ते सोडवलेले प्रश्न होते. लोकांना वाटलं, पोरीने पैकीच्या पैकी काढले. साळवींनी कुणाची चूक दुरुस्त केली नाही, आणि मीही नाही.

सायलीला हॉस्टेलवर सोडून आम्ही परत आलो. तिचे बाबा कामावर गेले. दहा महिने जिच्यासाठी तळमळत होते ती दुपारची झोप आता माझ्या हक्काची होती, आणि मी डोळे उघडे ठेवून पडले होते. तिसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला फाटक वाजलं. साळवी होते. हातात काही नव्हतं. नेहमीची खुर्ची समोर असूनही ते उभेच होते.

"झोपमोड केली का, वहिनी?"

"नाही. बसा ना. काही काम होतं का?"

"काम न्हाय." ते बसले. मग म्हणाले, "तीस वर्सं दुपारचा मी घाटात. सुट्टीला बी डबल ड्यूटी घ्यायचो. शेवंता म्हनायची, येक दिस तरी दुपारचं घरात ऱ्हावा. मी म्हनायचो, रिटायर झालो का हायेच की."

शेवंतावहिनी, म्हणजे साळवींची बायको, त्यांच्या निवृत्तीच्या आठच महिने आधी गेल्या. तेव्हा सगळी आळी त्यांच्या दारात होती, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"दुपारचं घर कसं असतं, मला म्हाईतच न्हाय, वहिनी. तिला समदं म्हाईत व्हतं. कुठल्या खिडकीतनं वारा येतो, कुठं आंग टाकलं का झोप लागती. मी नुसता या खोलीतनं त्या खोलीत फिरतो." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "तेवढा सराव माजा राहूनच गेला."

इतके दिवस मी समजत होते की हा माणूस माझ्या दुपारी खातो आहे. त्याच्या दुपारींचं काय होत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. याची मला फार लाज वाटली.

"पाच वाजेस्तवर हितं बसलो तर चालंल?" त्यांनी विचारलं. दहा महिन्यांत त्यांनी माझी परवानगी अशी कधी मागितली नव्हती.

"बसा," मी म्हटलं, आणि आत जाऊन माझी खुर्ची बाहेर आणली.